पवनीचे बोलके पाषाण

नदीकांठच्या उंच कड्यासमोर उभें राहून हाक मारली, तर क्षणार्धांत तीच हाक परत येते. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. कडा सतरा मीटरांहून अधिक दूर असला, म्हणजे प्रतिध्वनि मूळ शब्दापासून वेगळा ऐकूं येतो. पण कडा कितीही उत्तुंग असो, तो आपलाच शब्द आपणांस परत देतो. आपल्यापूर्वीं तेथें कोण बोलून गेलें, हें तो सांगत नाहीं. वैनगंगेच्या तीरीं, भंडारा जिल्ह्यांतील पवनी येथें मात्र तें सांगणारे पाषाण सांपडले आहेत.

१९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं तेथील जगन्नाथ टेकडीचें उत्खनन केलें. टेकडीच्या पोटांत एक प्राचीन बौद्ध स्तूप निघाला आणि त्याच्या दगडी कठड्याचे खांब व त्यांवरील ब्राह्मी लेख उजेडांत आले.

पवनीच्या पाषाणांवर राजकुलांचे शब्दही आहेत. भार वंशांतील राजा भगदत्त याचा लेख महामहोपाध्याय मिराशी यांनीं वाचला. दुसऱ्या एका स्तंभावर महाक्षत्रपकुमार रुपिअम्म याचें नांव असून त्या स्मारकास ‘छायास्तंभ’ अशा अर्थाचा शब्द योजिला आहे. क्षत्रपांचा संबंध विदर्भापर्यंत पोंचला होता, याचा हा मोलाचा पुरावा होय.

तथापि स्तूपाच्या कठड्यावरील आवाज मुख्यतः दात्यांचे आहेत. नाग नांवाच्या एका दात्यास ‘पचनेकायिक’ म्हटलें आहे. पांच निकाय जाणणारा, असा त्याचा अर्थ. बुद्धवचनाची ही विभागणी त्या काळीं वैनगंगेच्या कांठीं परिचित होती, हें या एका शब्दावरून कळतें. विसमिता नांवाच्या स्त्रीनें आपलें दान सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठीं असो, अशी इच्छा कोरविली आहे. ती कोणाची कन्या वा कोणाची पत्नी, हें तेथें नाहीं. कोणत्याही राजवंशावळींत तिला जागा मिळाली नसती. दगडानें ती दिली.

तिच्या लेखांतील ‘दान’ आणि ‘सुख’ हे शब्द आजही पवनीच्या घराघरांत जसेच्या तसे उच्चारले जातात. दोन हजार वर्षांच्या अंतरावरून आलेला हा प्रतिध्वनि आहे. कड्याचा प्रतिध्वनि विरला, तर पुनः हाक मारतां येते. विसमितेचा शब्द मात्र एकदांच कोरला गेला. ती अक्षरें झिजूं दिलीं, तर पुनः बोलण्यास ती येणार नाहीं. म्हणून पवनीचा प्रत्येक कोरीव दगड जपणें हें विदर्भाचेंच नव्हे, तर सर्व महाराष्ट्राचें कर्तव्य होय.