रेड: शंभर स्वस्त डिस्क आणि एक जुना प्रश्न 🧵

१/ मदरबोर्डवरचे रेड वापरावे की स्वतंत्र कंट्रोलर कार्ड घ्यावे? डेस्कटॉप जुळवणाऱ्याला पडणाऱ्या या प्रश्नाचे मूळ १९८८ सालच्या एका शोधनिबंधात आहे.

२/ त्या काळी मोठ्या संस्थांची माहिती आयबीएम ३३८० सारख्या अवाढव्य, महागड्या डिस्कवर साठवली जाई. वैयक्तिक संगणकांसाठी मात्र लहान, स्वस्त डिस्क आल्या होत्या. बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी विचार मांडला: एका अजस्र डिस्कऐवजी अनेक लहान डिस्क एकत्र का जोडू नयेत?

३/ अडचण गणिताची होती. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असे धरले, तर १०० डिस्कच्या समूहात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांतच होणार. म्हणजे दोन आठवडेही नाहीत!

४/ उपाय होता जादा माहितीचा. रेड १ मध्ये प्रत्येक गोष्टीची हुबेहूब प्रत ठेवली जाते. रेड ५ मध्ये 'पॅरिटी' सर्व डिस्कवर विभागून लिहितात. एक डिस्क गेली, तर उरलेल्यांवरून तिच्यातील माहिती पुन्हा काढता येते.

५/ पण हा हिशेब करायचा कोणी? स्वतंत्र कार्डाने ते ओझे स्वतःच्या प्रोसेसरवर घेतले. चांगल्या कार्डांवर कॅश मेमरी आणि तिला बॅटरीचा आधारही असे. लिहिता लिहिता वीज गेली, तरी अर्धवट राहिलेले काम सुरक्षित राही. या सोयीची किंमत मात्र मोठी होती.

६/ पुढे रेड मदरबोर्डवरच येऊ लागले. २००३ मधील इंटेलची आयसीएच५आर ही चिप त्याचे ठळक उदाहरण. येथे हिशेबाचे बरेचसे काम ड्रायव्हरमार्फत मुख्य प्रोसेसरच करतो. म्हणून टीकाकारांनी त्याला 'फेक रेड' म्हटले. पण प्रोसेसर बहुकोअर झाले आणि ते ओझे हलके झाले.

७/ खरा धोका वेगळाच निघाला. डिस्क शाबूत, पण कार्डच जळाले तर? प्रत्येक कंपनी मांडणीची नोंद आपल्या पद्धतीने करते, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचे कार्ड त्या डिस्क ओळखेलच असे नाही. लिनक्समधील सॉफ्टवेअर रेडची मांडणी मात्र दुसऱ्या लिनक्स यंत्रावरही सहसा उघडते.

८/ म्हणून घरगुती संगणकात दोन डिस्कच्या रेड १ साठी मदरबोर्ड किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची सोय बहुधा पुरेशी ठरते. अनेक डिस्क आणि अखंड लेखन असेल, तरच बॅटरीयुक्त कार्डाचा खर्च सार्थकी लागतो.

९/ आणि चुकून पुसलेली फाइल? रेड १ ती दोन्ही डिस्कवरून तितक्याच निष्ठेने पुसते. बर्कलीच्या त्रयीने डिस्कच्या मृत्यूवर उपाय शोधला होता, माणसाच्या हातून होणाऱ्या चुकीवर नव्हे. त्यासाठी बॅकअप वेगळाच हवा.