धान्याचा भाव आणि शेतीचा खर्च

बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात संतपूर नावाचे गाव आहे. या तालुक्याच्या नावाला पूर्वी संतपूरचेही नाव जोडलेले असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा शेजारचे उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. सीमारेषा बदलली, तूर, उडीद, मूग व ज्वारी पिकविणारी जमीन मात्र जेथल्या तेथे राहिली, आणि शेतकऱ्याचा जुना प्रश्नही. पीक विकून आलेल्या पैशांत पुढची पेरणी का भागत नाही, हा तो प्रश्न होय.

जुन्या काळी शेतीचा खर्च बव्हंशी धान्यात चुकता होई. बियाणे घरच्या कणगीतले, खत गोठ्यातले, बैल दावणीचे. सुतार-लोहारांना खळ्यावर बलुते मिळे. रोख द्यावा लागे तो मुख्यतः सरकारी सारा. तेवढ्या एका रोख देण्यानेही काय अनर्थ होतो, हे पुणे व नगर जिल्ह्यांनी दाखविले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर उतरला, सारा मात्र वाढला; कर्ज साचत गेले आणि मे १८७५ मध्ये सुपे येथून सावकारांविरुद्धच्या दंग्यांस प्रारंभ झाला. १८८३ साली महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो याच दुःस्थितीच्या पार्श्वभूमीवर.

आज बियाणे, खत, औषध, डिझेल, मजुरी हे सारेच रोखीचे झाले आहे. म्हणजे एकेकाळी साऱ्यापुरता असलेला पेच आता संपूर्ण शेतीला पडला आहे. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद व पालाशयुक्त खतांच्या किमतींवरील सरकारी नियंत्रण सैल झाले. दोन-अडीच वर्षांत डीएपीची किंमत दुपटीहून अधिक वाढली. कारखानदार वाढलेला खर्च मालाच्या किमतीवर चढवितो. शेतकऱ्यास ते साधत नाही. कारण सर्वांची रास एकाच वेळी मोंढ्यात येते, देणेकरी दारात उभा असतो, आणि भाव घेणारा सांगतो.

तुरीचेच पाहा. २०१५ च्या अखेरीस तूरडाळ किलोस दोनशे रुपयांच्या घरात गेली. साहजिकच पुढील हंगामात पेरा वाढला. देशातील तुरीचे उत्पादन सुमारे २५ लाख टनांवरून २०१६-१७ मध्ये ४८ लाख टनांवर गेले. परदेशांतून आयात चालूच होती आणि डाळींच्या निर्यातीवर २००६ पासून बंदी होती. परिणामी, बोनससह ५,०५० रुपये क्विंटल हमीभाव असूनही बाजारभाव त्याखाली घसरला. आयातीवर मर्यादा ऑगस्ट २०१७ मध्ये आली व निर्यात सप्टेंबरमध्ये खुली झाली. तोवर बहुतेकांची तूर विकली गेली होती.

हमीभावाची शिफारस करणारा कृषिमूल्य आयोग १९६५ पासून आहे. वाद आहे तो खर्च कशास म्हणावे याचा. २०१८ साली केंद्र सरकारने खर्चाच्या दीडपट भाव देण्याचे धोरण जाहीर केले. त्या हिशेबात रोख खर्च व कुटुंबाच्या श्रमाचे मोल धरले जाते. स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलावरील व्याज धरले जात नाही. शेतकरी संघटनांचा आक्षेप नेमका येथे आहे. दुकानदार स्वतःच्या मालकीच्या गाळ्याचेही भाडे मनात धरतोच. मग शेतकऱ्याने आपली जमीन फुकट का मानावी?

तरीही केवळ आकडा वाढवून भागणार नाही. खरेदी केंद्र रास निघण्यापूर्वी उघडले पाहिजे आणि आयात-निर्यातीचा निर्णय पेरणीपूर्वी कळला पाहिजे. माल विकून झाल्यावर सुधारलेला भाव साठेबाजाच्या उपयोगी पडतो. संतपूरच्या शेतकऱ्याला त्यातून खताचे एक पोतेही मिळत नाही.