गावाकडच्या घराण्याची वंशावळ: जनगणना, महसुली कागद आणि हरवलेली नावं



सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. पणजोबांचं नाव किती जणांना माहीत आहे? हात वर करा. बरेच आहेत. आता खापरपणजोबांचं? चार-पाच हात राहिले. आणि आता शेवटचा प्रश्न. पणजीचं नाव काय, आणि तिचं माहेर कुठलं? बघा, जवळजवळ सगळे हात खाली गेले.

आजचं व्याख्यान या खाली गेलेल्या हातांबद्दल आहे. गावाकडच्या साध्या घराचा, म्हणजे ज्याच्या नावावर किल्ला नाही, बखर नाही, अशा घराचा इतिहास कुठल्या कागदांत सापडतो? आणि त्या कागदांत कोण सापडत नाही?

हा विषय आता फक्त हौसेचा राहिलेला नाही. जात पडताळणीसाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तर तहसील कचेऱ्यांतले धूळ खात पडलेले बस्ते सोडले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. आजोबा-पणजोबांचे कागद शोधत कचेऱ्यांच्या फेऱ्या मारणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातली बरीचशी पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतात: "मॅडम, इंग्रजांनी जनगणना केली होती ना? मग त्यात आमच्या आजोबांचं नाव असणारच."

तर पहिल्यांदा जनगणनेचंच बघू.

आपल्याकडे माणसं मोजणं इंग्रजांच्या आधीपासून आहे. पेशवाईत घरं मोजायचे, त्याला खानेसुमारी म्हणत. इंग्रजी अमलातली पहिली मोठी जनगणना 1872 ची, आणि सगळ्या देशात एकाच वेळी झालेली पहिली 1881 ची. तेव्हापासून 2011 पर्यंत दर दहा वर्षांनी गणना होत आली. मोजणारा माणूस घरोघर गेला, त्याने माहिती लिहून घेतली. पण त्या कागदांवरून कोष्टकं तयार झाली की मूळ कागदांचं काम संपलं. ते जपून ठेवलेच नाहीत. इंग्लंडमध्ये घरोघरचे तक्ते शंभर वर्षांनी लोकांना खुले होतात. 1921 सालचे 2022 मध्ये खुले झाले. तिथला माणूस पणजोबांचं नाव, वय, धंदा घरबसल्या बघू शकतो. आपल्याकडे 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 सांगतं की गणनेचे कागद कुणालाही बघायला मिळणार नाहीत आणि ते पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. त्यामागचं कारण योग्य आहे. माणसाने मोजणाऱ्याला न घाबरता खरं सांगावं, म्हणून ही गुप्तता. पण त्यामुळे होतं असं, की जनगणनेत तुमचे पणजोबा आहेत, फक्त एक आकडा म्हणून आहेत.

याला एक अपवाद आहे. 1951 च्या गणनेच्या वेळी त्या माहितीवरून गावोगाव नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही केली गेली होती, आणि त्यात नावं होती. सगळीकडची टिकलेली नाही. पण तुमच्या गावची असेल तर ती मोठी ठेव समजा. शिंदे समितीच्या वेळी तपासायच्या कागदांच्या यादीत ही नोंदवहीसुद्धा होती.

मग जनगणनेचा आपल्याला उपयोग काय? आहे, आणि मोठा आहे. आकडा नाव सांगत नाही, पण त्या वेळची परिस्थिती सांगतो. 1891 ते 1901 मध्ये मुंबई इलाख्याची लोकसंख्या घटली. त्या दशकात प्लेग आला, आणि लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले. 1911 ते 1921 हे तर सबंध देशाची लोकसंख्या घटलेलं एकमेव दशक, कारण 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. आता घरात असं ऐकिवात असेल की "आजोबांना भावंडं नव्हती", आणि आजोबांचा जन्म त्या सुमाराचा असेल, तर जरा थांबा. भावंडं नव्हती, की राहिली नाहीत? आणि आजोबांचं नाव दगडू, धोंडी, केरू, भिकू यांतलं असेल तर आणखी थांबा. आधीची मुलं गेली की पुढच्याला असं नाव ठेवायचे, काळाची नजर लागू नये म्हणून. नावातच आधीच्या मृत्यूंची नोंद असते ती अशी.

आता नावाच्या कागदांकडे वळू. सरकारला माणसाच्या नावाची गरज कधी पडते? सारा वसूल करायचा असतो तेव्हा. म्हणून खेड्यातल्या माणसाचं नाव सगळ्यात आधी जमिनीच्या कागदात सापडतं.

शोध नेहमी आजपासून मागे न्यायचा. आधी सातबारा घ्या. त्याच्यावर फेरफारांचे क्रमांक असतात, बहुतेकदा गोलात लिहिलेले. त्या क्रमांकाचे फेरफार काढा. तो गाव नमुना सहा. वारसांची नोंदवही सहा-क. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार आता स्कॅन करून संगणकावर आलेत. एकेक फेरफार म्हणजे एक पिढी. "अमुक मयत, त्यास वारस अमुक अमुक." असं मागे मागे गेलात की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचता, कारण हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा आहे. त्याच्या मागे बंदोबस्ताचे कागद. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 च्या सुमाराला इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसवली, तिच्यातून आपले सर्व्हे नंबर आले. त्याच्याही मागे गेलात तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर.

इतकं मागे जाता येतं का? येतं. हॅरॉल्ड मान नावाचे कृषितज्ज्ञ पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात होते. त्यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून 1917 साली पुस्तक छापलं. तेच पिंपळे सौदागर, जिथे आज उंच इमारती आहेत. जुन्या कागदांच्या आधाराने ते 1771 पर्यंत मागे गेले. तेव्हा एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती, 1914-15 मध्ये ती 7 एकरांवर आली होती. म्हणजे एका गावाच्या पाच-सहा पिढ्यांच्या वाटण्या कागदावरून वाचता येतात. भाऊबंदकी आपल्याला फक्त भांडणांतून माहीत असते. इथे ती एकरांत दिसते.

हे कागद वाचताना काही गोष्टी माहीत हव्यात. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. "बिन" किंवा "वलद" म्हणजे "चा मुलगा". एका गृहस्थांना वाटत होतं की "बिन" हे आपलं जुनं आडनाव! "कोम" किंवा "भ्रतार" आलं की समजायचं, ही अमक्याची बायको. फसली साल असेल तर 590 मिळवा. फसली 1300 म्हणजे 1890-91. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत असतो. "सबा सबैन मया व अलफ" म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे 1177. त्यात 599 मिळवले की 1776-77 आलं.

आणि सातबाऱ्यावरची ती बारीक अक्षरं. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव लावलंय, त्याच्यामागे धाकटे झाकलेले आहेत. "अ.पा.क. आई" म्हणजे अज्ञान मुलाचं पालन करणारी आई. वडील लवकर गेले, मूल लहान होतं, म्हणून आईचं नाव कागदावर आलं. नवरा जिवंत असता तर ते आलंच नसतं.

ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांनी काय करायचं? त्यांचा कागद वेगळ्या कपाटात असतो. महार वतनाच्या नोंदींत हिस्सेदारांची नावं आहेत. ही खालच्या दर्जाची मानलेली गावकामगार वतनं 1959 साली कायद्याने संपली, पण कागद राहिले. ते वतन म्हणजे गुलामी आहे असं बाबासाहेब आंबेडकर सांगत होते, आणि आज त्याच वतनाचा कागद नातवाला पूर्वज दाखवतो. मग गाव नमुना चौदा आणि कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी. मग शाळेचं जनरल रजिस्टर. तिथल्या जन्मतारखेवर मात्र फार विश्वास ठेवू नका. गुरुजींनी निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जूनला घातलाय. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येतात, ते घराण्याची वंशावळ सांगतात. त्यात दक्षिणा देणाऱ्याचा मान ठेवलेला असतो, तेव्हा ऐका, लिहून घ्या आणि दुसऱ्या कागदाशी ताडून बघा.

आता शेवटचा मुद्दा. तो माझ्या घरातला आहे.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, दुष्काळी पट्ट्यातलं. मी आमची वंशावळ मांडायला घेतली तेव्हा सात पिढ्यांचे पुरुष सापडले. बायका एकही नाही. जन्माच्या नोंदीत मुलग्याचं नाव, आणि मुलगी झाली की नुसतं "मुलगी" आणि बापाचं नाव. वडील सांगत, "मला तीन आत्या." तिघींना मीही लहानपणी पाहिलेलं.

हिंदू वारसा कायदा 1956 साली आला. मुलींना बापाच्या मिळकतीत वारस धरायला लागले. आमचे पणजोबा त्यानंतर दोनेक वर्षांनी वारले. त्यामुळे त्यांच्या वारसाच्या फेरफारात पहिल्यांदा मुलींची नावं लागली. पुढच्याच फेरफारात त्याच मुलींनी भावांच्या नावे हक्क सोडला. खाली अंगठे. मी अंगठे मोजले, ते चार होते. चौथं नाव होतं "नकुसा".

आमच्या भागात हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुलींवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीला ठेवतात. नको असलेली, म्हणून नकुसा. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली.

वडिलांना विचारलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मग वडिलांच्या चुलतबहिणीकडे गेले, वय ऐंशीच्या पुढे. तिला कागद वाचता येत नाही. मी नाव वाचलं, तशी ती लगेच म्हणाली, "ती व्हय गं? ती तिकडं पंढरीकडं दिल्याली. बाळंतपणात गेली. तुझा बा तवा रांगत व्हता." एवढं बोलून गप्प बसली. मग म्हणाली, "लई गोड गळा हुता तिचा. जात्यावर बसली की आळी ऐकायची."

हे कुठल्या फेरफारात असणार? मला या गोष्टीतून एक कळलं, आणि तेच मी आज सांगायला आलेय. आमच्या घरातल्या चार बहिणींची नावं एकत्र सापडतात ते कागद दोनच. एकात त्या वारस म्हणून लागल्या, दुसऱ्यात त्यांनी तो हक्क सोडला. तो सोडण्याचा कागद भावांच्या सोयीसाठी केलेला होता. पण तो केला नसता तर मी अंगठे मोजले नसते, आणि चौथी आत्या आम्हाला कधीच भेटली नसती. कागद ज्या कामासाठी लिहिला जातो त्यापेक्षा जास्त सांगून जातो. वाचणाऱ्याने तेवढं थांबलं पाहिजे.

महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावायचं ठरलंय. पुढच्या संशोधकांचं काम त्यामुळे थोडं सोपं होईल. मागच्यांचं मात्र आपल्यालाच करायचंय.

म्हणून घरी गेल्यावर आधी सातबारा काढू नका. तो कपाटात आहे, तो कुठे जात नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा, वही घ्या, आणि विचारा: तुमचं माहेरचं नाव काय, तुमच्या आईचं काय, किती बहिणी होत्या, कोण कुठे दिली. त्यानंतर तहसील कचेरीत जा. दोन्ही एकमेकांना लावून बघा.

आमच्या वंशावळीत आता नकुसाआत्याची चौकट आहे. तिच्यापुढे मी लिहिलंय, "गळा गोड होता." पुरावा एका बाईच्या आठवणीचा आहे. मी तो ग्राह्य धरलाय.