घरामागे पत्र्याचे वर्कशॉप बांधताय? आधी हा हिशेब वाचा

बेळगाव : हातात लेथचे किंवा वेल्डिंगचे काम आहे, उद्यमबागेत नाहीतर मच्छेला भाड्याचा गाळा परवडत नाही आणि घरामागे परड्यात तीनचारशे चौरस फूट जागा मोकळी आहे. मग माणूस म्हणतो, "चार खांब उभे करू, वर पत्रा टाकू आणि काम सुरू करू." आपल्या भागातल्या कितीतरी कारागिरांची सुरुवात अशीच झाली आहे आणि त्यात चूक काहीच नाही. अडचण येते ती पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे याच्या हिशेबात. शटर, रंगीत पत्रा, पुढचा बोर्ड डोळ्यांना दिसतो म्हणून त्यावर खर्च होतो. पाया, तिरपे आधार, अर्थिंग आणि कागद दिसत नाहीत म्हणून तिथे काटकसर होते. शेड मात्र याच न दिसणाऱ्या गोष्टींवर उभी असते.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. आमच्या घरामागच्या शेडचे चार पत्रे एका वळवाच्या वाऱ्याने उचलले आणि शेजारच्या परड्यात नेऊन टाकले. शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे काढून नुकत्याच आत गेल्या होत्या, म्हणून निभावले. पत्रे नवे होते, हुक मात्र एकाआड एकच मारले होते. वाचलेले पैसे अगदी किरकोळ होते.

जागा आणि परवानगी

शेड तात्पुरती आहे, तिला परवानगी कशाला, असा सर्रास समज आहे. पण पायात बोल्टने आवळलेली, कायम वापरायची शेड ही बांधकामातच धरली जाते. शहर हद्दीत महापालिका, कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि खेड्यात ग्रामपंचायत, अशी विचारणा करायची ठिकाणे आहेत. ग्रामपंचायत हद्दीत जागेचा ई-स्वत्तू उतारा आधी काढून घ्यावा. कागद कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर जाणत्याकडून ओळ न् ओळ समजून घ्यावी, अंदाजाने सही करू नये. जागा शेतजमीन म्हणून नोंद असेल तर आधी बिगरशेतीचा प्रश्न सोडवावा लागतो. हद्दीपासून किती जागा सोडायची, हेही तिथेच विचारावे.

जागेचा प्रश्न मोठमोठ्यांनाही चुकलेला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे नांगर आणि कडबा कापायची यंत्रे बनवली. शहराच्या विस्तारात त्यांना इथली जागा सोडावी लागली आणि औंध संस्थानच्या मदतीने 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांच्यामागे संस्थानचे राजे उभे राहिले. आपल्याला तसे कोणी भेटेलच असे नाही, म्हणून जागेचे कागद आधी आणि खांब नंतर.

पाया आणि जमीन

तालुक्याच्या पश्चिमेला, खानापूरच्या बाजूला तांबडी माती आणि मुरूम लागतो. भातशिवाराच्या आणि पूर्वेच्या बाजूला काळी माती आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर दोन वर्षांत खांब तिरके होतात आणि शटर अडकू लागते. अशा ठिकाणी कठीण थर लागेपर्यंत खोदावे.

खांब थेट मातीत पुरून भोवती सिमेंट ओतायची पद्धत अजून चालते. ती टाळावी, कारण जमिनीलगत ओल धरून खांब तिथेच गंजतो. काँक्रीटमध्ये बोल्ट सोडून त्यावर बेसप्लेट आवळावी आणि ती फरशीपेक्षा चार-सहा इंच वर ठेवावी.

जमिनीला दगडाचे सोलिंग, त्यावर निदान चार इंच काँक्रीट हवे. लेथसाठी वेगळा, जाड ठोकळा घालून तो बाकीच्या फरशीपासून सुटा ठेवावा. नाहीतर मशीनचा हादरा फरशीत जातो आणि मापही बिघडते.

पत्र्याला वजन नाही, वाऱ्याला आहे

आता खरा हिशेब. 20 बाय 15 फुटांची शेड म्हणजे 300 चौरस फूट, साधारण 28 चौरस मीटर. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा एका चौरस मीटरला सुमारे 4 किलो भरतो. पन्हळ आणि जोड धरून सगळ्या छपराचा पत्रा सव्वाशे ते दीडशे किलो होतो.

भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात देशाचे वाऱ्यानुसार विभाग केले आहेत. त्यातला सर्वांत कमी वेग सेकंदाला 33 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 119 किलोमीटर आहे. या वेगाचा दाब चौरस मीटरला साधारण 66 किलो येतो. 28 चौरस मीटरला तो 1,800 किलोच्या वर जातो. म्हणजे दीडशे किलोच्या छपराला पावणेदोन टनांहून जास्त जोराने वर खेचले जाऊ शकते. पत्र्यावर दगड, टायर ठेवून काय होणार? उलट वाऱ्यात तेच दगड खाली येतात. शेड पुढून उघडी असेल तर वारा आत शिरून खालूनही ढकलतो. हा आकडा ढोबळ आहे. नेमके माप अभियंत्याकडूनच काढून घ्यावे. त्याची फी एका शटरच्या खर्चापुढे काहीच नाही.

छप्पर खाली धरून ठेवायचे काम पायाचे आहे. दीड फूट लांब-रुंद आणि अडीच फूट खोल काँक्रीटचा ठोकळा साधारण 380 किलोचा होतो. सहा खांबांची शेड असेल तर मधल्या दोन खांबांवर कोपऱ्यातल्या खांबांच्या दुप्पट भार येतो, म्हणून त्यांचा पाया मोठा घ्यावा. पत्र्यापासून पर्लिन, पर्लिनपासून कैची, कैचीपासून खांब आणि खांबापासून पाया, या साखळीतली एक कडी जरी कच्ची राहिली तरी बाकीचा खर्च वाया जातो.

पर्लिनमधले अंतर चार ते साडेचार फुटांपेक्षा जास्त नको. वळचणीच्या आणि कडेच्या ओळीत स्क्रू जास्त मारावेत, कारण वारा कडेलाच पत्रा उचलतो. रबरी वॉशरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू वापरावेत. छपरावर ते पन्हळीच्या उंचवट्यावर मारले तर पाणी भोकाशी साचत नाही. खांबांमध्ये तिरपे आधार द्यायला फॅब्रिकेटर टाळाटाळ करतो, कारण त्याचा वेळ जातो. ते लिहूनच घ्यावेत.

वजनकाटा आपला मित्र

फॅब्रिकेटर एकतर चौरस फुटावर दर सांगतो, नाहीतर किलोवर. चौरस फुटाचा दर ऐकायला सोपा, पण त्यात लोखंड किती हे कळत नाही. 50 बाय 50 चा, 2 मिलिमीटर जाडीचा बॉक्स पाइप मीटरला साधारण 3 किलो भरतो. 6 मीटरची लांबी 18 किलोच्या आसपास. तोच पाइप 1.6 मिलिमीटरचा असेल तर लांबी साडेचौदा किलोच भरते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, रंग दिल्यावर तर ओळखूच येत नाहीत. म्हणून माल उतरताना एक लांबी काट्यावर ठेवावी. सळीसाठी सोपे सूत्र आहे : मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162 म्हणजे मीटरला किलो. 12 मिलिमीटरची सळी सुमारे 0.89 किलो.

दरपत्रकात पाइपची जाडी, पत्र्याची जाडी, पायाचे माप, प्रायमरचे हात आणि तिरप्या आधारांची संख्या लिहिलेली असावी. तोंडी ठरलेले पावसाळ्यापर्यंत कोणाच्याच लक्षात राहत नाही.

पाणी आणि ऊन

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. जुलैत दिवसाला 100 मिलिमीटर झाला तर आपल्या शेडवरून 2,800 लिटर पाणी उतरते. त्या पागोळ्या शेजाऱ्याच्या भिंतीवर पडल्या तर भांडण ठरलेलेच. छप्पर एकपाखी असेल तर उतार आपल्याच परड्याकडे ठेवावा, 15 फुटांत दीड ते अडीच फूट. पन्हळ लावून पाणी टाकीत किंवा विहिरीकडे न्यावे. फरशी अंगणापेक्षा निदान नऊ इंच उंच घ्यावी. नाल्याकाठच्या वस्तीत मागच्या पुराची रेघ बघून उंची ठरवावी.

एप्रिल-मेमध्ये कमी उंचीच्या पत्र्याखाली दुपारी उभे राहवत नाही. कमी बाजूची उंची 10 फूट तरी ठेवा, वरच्या बाजूला हवा बाहेर पडायला जाळी सोडा, दोन पत्रे पारदर्शक टाका. वेल्डिंगचा धूर बाहेर जाण्यासाठीही ही जाळी लागतेच.

वीज : इथे काटकसर नको

पत्र्याची शेड म्हणजे चारी बाजूंनी विद्युतवाहक. सोललेली एक वायर खांबाला टेकली की सगळी शेड जिवंत होते आणि पावसात ओल्या पायाने दार उघडणारा सापडतो. म्हणून शेडसाठी स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा, सांगाड्याला अर्थिंगची पट्टी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढे हवेच. वायर पाइपमधूनच न्यावी, पत्र्याच्या धारेवरून ओढू नये.

घरगुती मीटरवर धंदा चालवणे महागात पडते. वीज कायदा 2003 च्या कलम 126 नुसार हा अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. वापर कधीपासून हे ठरवता आले नाही तर मागचे 12 महिने धरले जातात. त्यापेक्षा हेस्कॉमकडे औद्योगिक जोडणीचा अर्ज केलेला बरा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे द्यायची गरज नाही. बँकेत कर्जासाठी तीच नोंदणी उपयोगी पडते.

शेजार आणि आग

रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल आहे. ग्राइंडर पत्र्याखाली याच्या कितीतरी पुढे जातो. शेजाऱ्याकडची बाजू विटांनी बांधली तर बराच फरक पडतो. रात्री ग्राइंडर बंद, हा नियम स्वतःच पाळावा.

खेड्यात परड्यातच गवताची गंजी आणि शेणी असतात. वेल्डिंगची ठिणगी त्यांच्यापर्यंत जाणार नाही इतके अंतर हवे. गॅसच्या टाक्या उभ्या, साखळीने बांधलेल्या ठेवाव्यात. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हात लावू नये.

पैसे कमी पडले तर

काय मागे ठेवता येते? शटर, रंगीत पत्रा, बाजूच्या भिंती, फरशीचा वरचा थर. जुन्या शेडचे पत्रेही भोके बघून वापरता येतात. काय मागे ठेवायचे नाही? पाया, बोल्ट, तिरपे आधार, स्क्रू, अर्थिंग. मोठी शेड एकदम झेपत नसेल तर अर्धीच, पण पक्की बांधा आणि पुढच्या खांबांचे पाये आताच घालून ठेवा. काम मार्चच्या आत संपवा, म्हणजे वळवाच्या आधी प्रत्येक स्क्रू एकदा पुन्हा तपासायला वेळ मिळेल. आमच्याकडे आता दरवर्षी गुढीपाडव्याच्या आसपास एक जण शिडी घेऊन वर चढतो आणि सगळे स्क्रू आवळून खाली येतो.