कुंकळ्ळीची बंदूक आणि असोळण्याचा किल्ला

सूड घेणे हा माणसाचा अधिकार नव्हे, भुकेल्या वैऱ्यालाही अन्न द्यावे, असे संत पौलाने रोममधील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात सांगितले आहे. गोव्यात साष्टी महालातील कुंकळ्ळी येथे १५८३ साली या शिकवणुकीची कसोटी लागली. ती हकिगत बहुधा अर्धीच सांगितली जाते. कोणती अर्धी, हे सांगणाऱ्यावर अवलंबून असते.

साष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने १५६७ मध्ये पाडली होती. कुंकळ्ळीकरांचा विरोध मात्र मावळला नव्हता. २५ जुलै १५८३ रोजी चर्चसाठी जागा निवडण्यास पाच जेझुइट तेथे गेले. त्यांचे प्रमुख रुदोल्फो आक्वाविवा त्याच वर्षी अकबराच्या दरबारातून परतले होते. या मंडळींपैकी काहींचा पूर्वीच्या विध्वंसात हात होता, हे विसरून चालणार नाही. जमाव चालून आला तेव्हा सोबतच्या एका पोर्तुगीज गृहस्थाने बंदूक रोखली. आपण येथे लढावयास आलो नाही, असे म्हणून आल्फोन्सो पाशेको यांनी त्याला आवरले, असे जेझुइट वृत्तान्त सांगतात. पाचही जण मारले गेले, आणि त्यांच्याबरोबर काही ख्रिस्ती सोबतीही.

बंदूक आवरणाऱ्याच्या नावाने पुढे सत्तेने जे केले, ते मात्र त्याच्या शब्दांशी विसंगत होते. वाटाघाटीच्या मिषाने सोळा गावकर-प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि चौकशीवाचून पंधरांना ठार करण्यात आले. एकजण नदीत उडी घेऊन निसटला. राज्यकर्ता तलवार उगीच धारण करीत नाही, असा आशय पौलाच्या त्याच पत्रात पुढच्याच अध्यायात आहे, आणि सत्तांनी त्याचा आधार नेहमीच घेतला. परंतु बोलावून आणलेल्या पाहुण्यांचा घात त्यात कोठे बसतो, हे आम्हांस उमगत नाही.

मारल्या गेलेल्या पाच जेझुइटांना १८९३ मध्ये रोमने धन्य घोषित केले. त्यांचे मृतदेह परत मिळविण्याच्या कामी थॉमस स्टीफन्स होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इकडील भाषांची रचना ग्रीक-लॅटिनशी जुळते, असे नमूद केले. पुढे १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापले गेले. मराठीत ख्रिस्ताची कथा इतक्या विस्ताराने प्रथम सांगणाऱ्याने हे दोन्ही रक्तपात जवळून पाहिले होते.

कुंकळ्ळीची शांतादुर्गा आज फातर्प्यास आहे. शिगम्यात बारा वांगडांच्या छत्र्यांसह ती आपल्या जुन्या गावी येते, आणि त्या मिरवणुकीत तेथील ख्रिस्ती गावकरही असतात.