आनंदीबाईंची रोझेलची मावशी

नाताळात आमच्या नांदगाव खंडेश्वरचे एक-दोन मित्र अमेरिकेतल्या मावशीकडे जमतात आणि बर्फातले फोटो पाठवतात. (इकडे आम्ही हुरडा खात ते बघतो!) मला मात्र आनंदीबाई जोशी आठवतात.

जून १८८३ मध्ये त्या अमेरिकेत उतरल्या, तेव्हा तिथं रक्ताचं कोणीच नव्हतं. होती ती मानलेली मावशी, न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाई. बायकोला शिकवायचंय म्हणून गोपाळरावांनी लिहिलेलं पत्र या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या एका मिशनरी मासिकात वाचलं होतं. संपादकांचं उत्तर काय, तर ख्रिस्ती व्हा! बाईंनी असली कुठलीही अट न घालता घर उघडलं. आनंदीबाई हिंदूच राहिल्या, शाकाहारीही. मला हे फार मोठं वाटतं.

पण फिलाडेल्फियातल्या कॉलेजचा हिवाळा मावशीच्या घरापासून लांब काढायचा होता. खोलीत धूर, अंगावर साडी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्या गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. तब्येत ढासळत गेली. १८८६ मध्ये एम.डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वय जेमतेम २१.

अस्थी मावशीकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्याच दफनभूमीत त्या आहेत.