कोन्बित, सावड आणि वेठ

“पूर्वी गावात सगळे एकदिलाने राबायचे, जात कुणी काढत नव्हतं.” गावागावांत काम करताना हे वाक्य आम्हाला हमखास ऐकवलं जातं. पुरावा म्हणून सावड आणि इर्जिक पुढे केली जाते. आमचा प्रश्न साधा आहे. एकत्र राबणाऱ्यांपैकी जमीन कुणाची होती? आणि ‘येत नाही’ म्हणायची मुभा कुणाला होती? याचं उत्तर देताना आम्हाला हैतीच्या डोंगरातल्या कॉफीचा इतिहास मोलाचा वाटतो.

हैती ही फ्रान्सची वसाहत होती, नाव सँ-दोमँग. १७८० च्या दशकाच्या अखेरीस जगातली जवळपास निम्मी कॉफी या एका वसाहतीतून जात होती. ती पिकवणारे आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम होते. तोडणीच्या हंगामात हजारो माणसं एकत्र राबत होती, पण त्याला सहकार म्हणायची हिंमत कुणी करणार नाही, कारण डोक्यावर चाबूक होता. ऑगस्ट १७९१ मध्ये गुलाम उठले, मळे जाळले आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला.

पण खरी लढाई पुढे होती. नव्या राज्यकर्त्यांनाही निर्यातीसाठी मोठे मळे हवे होते. तुसाँ लुव्हेर्त्युर यांनी १८०० मध्येच मुक्त झालेल्यांना लष्करी शिस्तीत मळ्यांवर परत जुंपलं होतं. राष्ट्राध्यक्ष बॉये यांच्या १८२६ च्या ग्रामीण कायद्याने शेतकऱ्याला मळ्याशी बांधायचा पुन्हा प्रयत्न केला. लोकांनी तो मानला नाही. ते डोंगरात गेले, लहान तुकडे धरले. केळी, कंद, शेंगा लावल्या आणि त्यांच्याच सावलीत कॉफीची झाडं वाढवली. ज्या पिकाने त्यांना गुलाम केलं होतं, तेच पीक त्यांनी आपल्या अटींवर घेतलं.

तिथे कोन्बित रुजली. कॉफीची फळं एकदम पिकत नाहीत. लाल झालेली तेवढी हाताने तोडायची, पुन्हा काही दिवसांनी त्याच झाडाकडे यायचं. वेळ चुकली तर फळ गळून जातं. एका घराचे हात पुरत नाहीत. म्हणून तोडणी असो की तण काढणं, घरवाला हाक देतो, शेजारी येतात. ढोल वाजतो, शंख फुंकला जातो, गाणारा पुढे गातो, बाकीचे ओढतात. घरवाल्याने जेवणात हात आखडला, तर गाण्यातच त्याची फजिती होते. मजुरी नाही, आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. मुकादम नाही. नंतर फळं वाळवायची, उखळात कांडायची आणि बाजारात न्यायची.

आता आपल्या गावाकडे वळू. सावडही अशीच, आज तुझं, उद्या माझं. पण सावड होते ती शेत असणाऱ्यांत. इर्जिकीला नांगर-बैल लागतात. ज्याच्याकडे शेतही नाही आणि बैलही नाही, त्याची परतफेड कोण करणार? त्याच्या वाट्याला आली ती वेठ. राबता महार पाटलाच्या, सरकारच्या कामाला रात्री-अपरात्री धावायचा; बदल्यात बलुतं, शिळी भाकरी आणि वतनाचा तुकडा. एकाच शिवारात सावड आणि वेठ शेजारी-शेजारी नांदत होत्या. पहिलीची गाणी झाली, दुसरीला ‘परंपरा’ हे नाव मिळालं.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी महार वतनाच्या सुधारणेचं विधेयक आणलं, कारण तो तुकडा माणसाला गावाशी जखडून ठेवत होता. पण केवळ सुटका पुरत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ (१९४७) मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याची करून, जातीचा भेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक कसणुकीसाठी देण्याची योजना मांडली. आधी समान हक्क, मग एकत्र श्रम, हा क्रम आहे. उलटा क्रम म्हणजे गावगाडा.

हैती आणखी एक धडा देतो. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका उभ्या करून स्वातंत्र्याची किंमत म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. १८३८ मध्ये हा बोजा ९ कोटींवर आला. तो फेडायला कॉफीवर कर बसले, आणि दलाल व निर्यातदारांनी उरलेलं खाल्लं. जमीन हातात आली, पण बाजार आणि तिजोरी हातात नव्हती. कोन्बितने माणसाला माणूस म्हणून उभं केलं, पण गरिबी एकट्या कोन्बितने हटली नाही.

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्या ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, त्यांचे वडील हैतीत जन्मले होते. हे नातं जुनं आहे.

म्हणून आमचं तरुण कार्यकर्त्यांना सांगणं आहे: गायरान जमिनीच्या हक्काची लढाई, वस्तीतला बचत गट, स्वतःची उत्पादक संस्था ही कामं वेगवेगळी समजू नका. आणि पुढच्या वेळी कुणी एकदिलाच्या गावाची आठवण काढली, की सातबारा मागा.

जय भीम!